साठा कोणाचा, शंका कोणाची

‘संग्रह’ आणि ‘परिग्रह’ हे दोन्ही शब्द ‘ग्रह्’ म्हणजे धरणे या एकाच धातूपासून आले असले, तरी मराठीत त्यांच्या वाट्याला आलेली प्रतिष्ठा सारखी नाही. ग्रंथसंग्रह, शब्दसंग्रह, काव्यसंग्रह ही कौतुकाने उच्चारली जाणारी नावे आहेत, तर ‘परिग्रह’ हा शब्द बोलीत जवळजवळ नाहीच आणि लेखनात भेटला तरी बहुधा ‘अ’ लावून, म्हणजे टाकून देण्याच्या गोष्टीचे नाव म्हणून भेटतो. साठवून ठेवणे केव्हा संग्रह ठरते आणि केव्हा परिग्रह, हा प्रश्न धान्य, सोने आणि जमीन यांच्या संदर्भात भारतीय धर्मविचाराने फार पूर्वीपासून हाताळला आहे. विजेच्या साठवणुकीसाठी जे नवे तंत्र उभे राहत आहे त्यात पैसा गुंतवावा की नाही, आणि गुंतवावा तर कोणत्या अटीवर, या प्रश्नालाही तोच विचार लागू पडतो. मात्र तो लागू करून पाहिला असता असे दिसते की, जुन्या विचारातील साठ्याविषयीच्या भागापेक्षा शंकेविषयीचा भाग या ठिकाणी अधिक उपयोगी आहे.

वीज ही निर्माण होताच वापरावी लागणारी वस्तू आहे. निर्मितीकेंद्रांपासून घराघरांपर्यंत पसरलेल्या वाहिन्यांच्या जाळ्यात क्षणोक्षणी जितकी वीज शिरते तितकीच बाहेर पडावी लागते, आणि हा तोल बिघडला तर सगळे जाळेच कोलमडू शकते. कोळशाच्या युगात हा तोल कोळशाच्या ढिगाने सांभाळला, कारण तो ढीग हाच साठा होता आणि हवा तेव्हा तो जाळता येत होता. सूर्य आणि वारा यांना असा ढीग नसतो. दुपारी उतू जाणारी सौरवीज दिवेलागणीला, म्हणजे नेमकी मागणी चढते त्या वेळी, हाताशी नसते. म्हणून विजेला दुसऱ्या रूपात थांबवून ठेवावे लागते. स्वस्त विजेवर पाणी उंच तलावात चढवून ठेवणे आणि गरज पडताच ते खाली सोडून जनित्रे फिरवणे ही त्यातली सर्वांत जुनी मोठी रीत असून तिला मराठीत उदंचन जलविद्युत असे नाव रूढ झाले आहे. जर्मनीत हुन्टॉर्फ येथे १९७८ पासून जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत दाबून भरलेली हवा हेच काम करते. रासायनिक रूपात वीज ठेवणारी बॅटरी आज सर्वपरिचित असली, तरी तिच्याही पोटात नवे प्रकार घडत आहेत : लिथियमऐवजी मिठातून सहज मिळणारे सोडियम वापरणारे घट, लोखंड गंजताना आणि तो गंज पुन्हा उतरवताना होणाऱ्या विजेच्या देवघेवीवर चालणारे लोह-हवा घट, आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात १९८० च्या दशकात मारिया स्कायलास-काझाकोस यांनी विकसित केलेले व्हॅनेडियमचे प्रवाही घट, ज्यांत ऊर्जा घन पट्ट्यांऐवजी टाक्यांतल्या द्रवात साठते. या नव्या प्रकारांची स्थिती साधारण सारखी आहे : रसायन म्हणून ते सिद्ध आहेत, पण व्यापार म्हणून त्यांचे भवितव्य ठरायचे आहे. मधली वाट गुंतवणूकदाराच्या पैशाने चालावी लागते.

या वाटेवर पैसा लावणाऱ्याकडे धर्मविचाराने कसे पाहावे, याचा शोध जैन आचारशास्त्रापासून सुरू करणे सोयीचे आहे, कारण मालमत्तेचे इतके बारकाईने केलेले नैतिक मोजमाप अन्यत्र क्वचितच आढळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूच्या अंगाने केलेली नाही. वस्तूविषयीची मूर्च्छा, म्हणजे ती आपली आहे या भावनेत आलेली बेशुद्धी, हाच तेथे परिग्रह मानला आहे. या व्याख्येमुळे धन जवळ असणे आणि धनाने पछाडलेले असणे यांत फरक करता येतो आणि गृहस्थाला सर्वस्वत्यागाऐवजी परिमाणाचे, म्हणजे मर्यादा ठरवून घेण्याचे, व्रत देता येते. सातवे अंग मानल्या गेलेल्या उपासकदशा या आगमात आनंद नावाच्या श्रावकाची कथा आहे. त्याने महावीरांसमोर व्रत घेताना आपली संपत्ती आकड्यांत मांडली : चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजाने वाढीला लावलेले, चार कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात, आणि शिवाय हजारो गाईंचे कळप. यापुढे याहून अधिक नाही, हे त्याचे व्रत होते. आजच्या वाचकाला बारा कोटींवर थांबणे हे व्रत कसे, असे वाटेल आणि ते स्वाभाविक आहे. पण या कथेतील लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की वाढीला लावलेला पैसा तेथे ठेवीइतकाच निर्दोष धरला आहे. बौद्ध परंपरेतील सिगालोवाद सुत्त तर एक पाऊल पुढे जाते. गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगावा, दोन उद्योगात घालावेत आणि चौथा संकटासाठी राखावा, असा उपदेश तेथे आहे, आणि त्यात उद्योगाचा वाटा राखीव साठ्याच्या दुप्पट आहे.

मूर्च्छेची ही कसोटी विजेच्या साठ्याला लावली तर एक मजेदार गोष्ट हाती येते. सोने पेटीत पडून राहिले तरी झिजत नाही, म्हणून त्याचा लोभी मालक शतकानुशतके सुखाने झोपू शकला. विजेचा साठा मात्र अशा झोपेला मुळातच प्रतिकूल आहे. लिथियम-आयन बॅटरी काठोकाठ भरून नुसती ठेवली, विशेषतः उष्ण हवेत, तर तिचे अंतरंग वेगाने जीर्ण होते, आणि न वापरताही तिच्यातली वीज हळूहळू झिरपून जातच असते. उदंचन प्रकल्पात वर चढवण्यासाठी खर्चलेल्या विजेपैकी सुमारे ७० ते ८० टक्केच परत मिळते. बाकीची घर्षणात आणि उष्णतेत विरते, आणि ऊष्मागतिकीच्या नियमांनुसार ही गळती शून्यावर कधीच आणता येत नाही. भर्तृहरीने नीतिशतकात दान, भोग आणि नाश अशा धनाच्या तीन गती सांगून, जो देत नाही आणि भोगतही नाही त्याच्या धनाला तिसरी गती मिळते असे म्हटले आहे. धनाच्या बाबतीत हा नीतीचा उपदेश होता. बॅटरीच्या बाबतीत तो रसायनशास्त्राचा साधा निष्कर्ष आहे. येथे रिकामा न होणारा साठा म्हणजे निव्वळ तोटा, आणि म्हणून विजेचा साठा हा वस्तू म्हणून परिग्रहाला फारसा वाव देत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अध्यक्षाला दिलेली सूचना याच प्रकृतीची आहे. जमलेल्या धान्यापैकी अर्धे जनपदावरील आपत्तीसाठी राखावे, अर्धे वापरावे आणि जुन्याच्या जागी नवे भरत राहावे, असे तेथे सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या गावांनी जमिनीत खणलेल्या पेवांतून आणि घरातल्या कणग्यांतून हेच केले. साठा ही स्थिर वस्तू नसून भरणे आणि उपसणे यांची लय आहे, हे जाणूनच कोठाराची ही व्यवस्था लागत असे.

तरीही येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दुपारी स्वस्त असताना घ्यायचे आणि संध्याकाळी महाग झाल्यावर विकायचे, हा साठवण प्रकल्पाचा मूळ धंदा आहे. ज्याला बाजारात साठेबाजी म्हणतात आणि ज्याच्यावर भारतात १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याची नजर असते, त्याची रचना याहून वेगळी काय आहे? इस्लामी धर्मशास्त्रात लोकांची गरज अडवून भाव चढवण्यासाठी केलेल्या साठ्याला इहतिकार असे नाव असून ते निषिद्ध मानले आहे. या आक्षेपाचे उत्तर साठ्याच्या परिणामात शोधावे लागते. धान्याचा साठेबाज टंचाईच्या वेळी माल बाजारातून काढून घेतो आणि त्यामुळे भाव वाढतो. विजेचा साठा टंचाईच्या वेळी माल बाजारात आणतो आणि त्यामुळे भाव उतरतो. कृती वरकरणी एकच, पण एकीचा नफा टंचाई लांबवण्यात आहे आणि दुसरीचा ती मिटवण्यात. अर्थात हा फरक साठवणारे अनेक असतील तोपर्यंतच टिकतो. एखाद्या प्रदेशातला सगळा साठा एकाच्या हाती गेला, तर तोही संध्याकाळी दार थोडे उशिरा उघडण्याचा विचार करू शकतो, आणि भारतातल्या वीजबाजारात दुसऱ्या दिवसासाठी होणाऱ्या खरेदीविक्रीला युनिटमागे १० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे ती अशाच भीतीपोटी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राने जपली ती त्यांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले म्हणून. त्या कोठारात धान्य भरणाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या स्मरणात नाही. साठ्याच्या नैतिकतेचा मोठा भाग तो भरणाऱ्यापेक्षा उघडणाऱ्याच्या हातात असतो, ही जाणीव या निवडीमागे असावी.

साठा निर्दोष ठरला म्हणून त्यात पैसा लावणे आपोआप निर्दोष ठरत नाही, कारण गुंतवणूक साठ्यात होत नाही, ती भविष्यकाळाविषयीच्या एका समजुतीत होते. ही समजूत ज्ञान आहे की श्रद्धा, हा प्रश्न ज्ञानशास्त्राचा आहे आणि तो अगदी खरा आहे. लिथियम-आयन बॅटरीची किंमत २०१० ते २०२४ या काळात सुमारे ९० टक्क्यांनी घसरली. उत्पादन जसजसे वाढते तसतसा खर्च एका ठरावीक प्रमाणात उतरतो, हा नियम थिओडोर राइट यांनी विमानांच्या बांधणीवरून १९३६ मध्ये मांडला होता आणि बॅटरीला तो चपखल लागू पडला. गुंतवणूकदार या उतरत्या रेषेवरून पुढची रेषा काढतो. चार्वाकाने अनुमानावर जो प्रहार केला तो नेमका याच जागी बसतो : आजवर पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयीचा नियम, ज्याला न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणतात, तो बांधण्याचा अधिकार कोणी दिला? जगाचा व्यवहार निश्चित ज्ञानावर नव्हे तर संभावनेवर, म्हणजे असे होणे शक्य आहे एवढ्या अंदाजावर चालतो, असे त्याचे म्हणणे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर असे की, शंकेलाही मर्यादा असते आणि ती मर्यादा कृतीतल्या विरोधाने पडते; धूर हवा म्हणून जो अग्नी पेटवतो त्याने धूर आणि अग्नी यांच्या संबंधावर शंका घेणे म्हणजे आपल्याच हातांचे म्हणणे खोटे पाडणे होय.

उदयनाचार्यांचे उत्तर स्वयंपाकघरापुरते पुरेसे आहे. गुंतवणुकीपुरते ते पुरत नाही, हे बॅटरीच्या अलीकडच्या इतिहासावरून दिसते. लिथियमवर चालणाऱ्या, पुन्हा भरता येणाऱ्या घटाचे पायाभूत काम स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत केले, पण त्या कंपनीने पुढे ते काम सोडून दिले. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ च्या सुमारास त्यात मोलाची भर घातली, १९९१ मध्ये सोनीने तो घट बाजारात आणला, आणि या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते २०१९ मध्ये. पेरणारा एक, राखणारा दुसरा आणि मळणी करणारा तिसरा, असा हा हिशेब आहे. नंतरच्या पिढीतल्या कंपन्यांचे दैव याहून खडतर निघाले. अमेरिकेत २००८ मध्ये स्थापन झालेली ॲक्वियन एनर्जी ही खाऱ्या पाण्यावर आधारलेले, जळण्याची भीती नसलेले घट बनवत होती. ती २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे डोनाल्ड सॅडोवे यांच्या संशोधनातून निघालेली, वितळलेल्या धातूंचे घट बनवणारी अँब्री ही कंपनी २०२१ मध्ये भारतातल्या रिलायन्ससह अनेकांकडून १४ कोटी डॉलरहून अधिक भांडवल मिळवूनही २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या दाराशी पोचली. स्वीडनची नॉर्थव्होल्ट तर युरोपच्या स्वावलंबनाचे प्रतीक मानली जात होती. मार्च २०२५ मध्ये तिनेही दिवाळखोरी जाहीर केली. प्रत्येकीच्या पडझडीची कारणे वेगळी आहेत, पण पर्यायी रसायनांपुढची सगळ्यांत मोठी अडचण अशी की ज्या लिथियमला ती पर्याय म्हणून उभी राहिली त्याचाच भाव कोसळत गेला. २०२२ मध्ये शिखरावर गेलेला लिथियम कार्बोनेटचा दर पुढच्या दीडेक वर्षात ८० टक्क्यांहून अधिक उतरला. उतरत्या रेषेवरचा विश्वास बरोबर होता, फक्त ती रेषा दुसऱ्याची होती.

अशा स्थितीत गुंतवणूकदाराला निश्चित ज्ञानाचा दावा सोडावा लागतो, आणि तो सोडल्यावर उरते ती शंका. भारतीय तर्कपरंपरेने शंकेचे दोन प्रकार केले आहेत आणि प्रस्तुत प्रश्नात त्यांच्याइतके नेमके साधन दुसरे नाही. लाभ होईल की नाही या शंकेला अर्थसंशय म्हणतात. ती माणसाला कृतीकडे नेते. पाऊस येईलच अशी खात्री नसतानाही शेतकरी पेरतो, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अपाय होईल की नाही या शंकेला अनर्थसंशय म्हणतात. ती माणसाला कृतीपासून मागे ओढते, आणि अन्नात विष असल्याचा नुसता संशय आला तरी शहाणा माणूस पान सारतो. दोन्ही शंकांत ज्ञानाची उणीव सारखीच आहे, तरी एक पुढे जाण्याला पुरेसे कारण ठरते आणि दुसरी थांबण्याला. या भेदानुसार, कोणी स्वतःच्या पैशाने अप्रसिद्ध रसायनावर पैज लावली आणि ते बुडाले, तर त्यात नैतिक दोष शोधण्याचे कारण नाही. उलट एक्सॉनने सोडलेल्या कामासारखी किती कामे कोणीतरी अर्थसंशयावर पुढे नेली म्हणूनच आजचा घट हाती आहे.

अडचण तेथे येते जेथे या दोन शंकांचे मालक वेगळे असतात. शेतकऱ्याच्या उदाहरणात बियाणे त्याचे, शेत त्याचे आणि उपासमारही त्याची. त्याचा अर्थसंशय आणि अनर्थसंशय एकाच घरात राहतात. नॉर्थव्होल्टच्या भागधारकांत स्वीडन आणि डेन्मार्कचे निवृत्तिवेतन निधी होते, म्हणजे ज्यांनी बॅटरीचे नावही कदाचित ऐकले नसेल अशा कामगारांच्या म्हातारपणाची शिल्लक तेथे पणाला लागली होती. विश्वस्ताला, म्हणजे दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्याला, स्वतःची म्हणून पैज लावण्याची जेवढी मोकळीक असते तेवढी दुसऱ्यांच्या वतीने असू शकत नाही; अर्थसंशय त्याच्या निर्णयात आहे, अनर्थ मात्र वेतनधारकाच्या घरी जाणार आहे. तरीही हे उदाहरण सौम्य आहे, कारण वेतनधारकाला निदान लाभाचा वाटा तरी मिळणार होता.

उपासकदशेतली आनंद श्रावकाची कथा येथे पुन्हा उपयोगी पडते, कारण त्याच प्रकरणात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांची यादी आहे. त्यांना कर्मादान म्हणतात, म्हणजे ज्यांच्या योगाने आत्म्याला कर्माचा मोठा लेप चढतो असे व्यवसाय, आणि हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्यांचे विवरण केले आहे. पहिला धंदा अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडणे आणि भट्ट्या चालवणे. त्याच यादीत स्फोटकर्म आहे, म्हणजे जमीन फोडणे, खणणे, दगड काढणे. आणि शेवटाकडे सरःशोषण आहे, म्हणजे तळी, सरोवरे उपसून कोरडी करणे, कारण त्यात जलचरांचा संहार होतो. ही यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बॅटरी नव्हती, तरी लिथियमच्या उत्पादनाचे याहून अचूक वर्णन करणे कठीण आहे. चिलीमधील अताकामाच्या वाळवंटात मिठागराखालचे खारे द्रावण उपसून उथळ टाक्यांत पसरवतात, वर्षभराहून अधिक काळ ते उन्हात आटू देतात, आणि उरलेल्या घट्ट द्रावणातून लिथियम काढतात. तेथे राहणाऱ्या लिकान अंताय समाजाची तक्रार अशी की या उपशाने गोड्या पाण्याचे झरे आणि फ्लेमिंगो पक्ष्यांची सरोवरे आटत आहेत. खारे द्रावण आणि गोडे पाणी यांचा भूगर्भात कितपत संबंध आहे याविषयी जलशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हाच तो अनर्थसंशय, आणि तो बाळगण्याचा भार ज्यांच्यावर पडला आहे त्यांनी कोणतीही पैज लावलेली नव्हती. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के पुरवणाऱ्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात हाताने खोदल्या जाणाऱ्या विवरांत मुलेही काम करतात, हे अनेकदा नोंदवले गेले आहे. तेथे तर संशयही उरत नाही.

कोळशातून पैसा काढून बॅटरीत घालणारा गुंतवणूकदार अंगारकर्म सोडून स्फोटकर्म आणि सरःशोषण पत्करतो, असे या यादीच्या भाषेत म्हणता येईल. त्यावरून दोन्ही सारखेच वाईट, असा निष्कर्ष काढणे आळशीपणाचे होईल, कारण कोळसा जळून संपतो आणि पुन्हा खणावा लागतो, तर लिथियम घटात हजारो वेळा फिरते आणि शेवटी घट फोडून परतही मिळवता येते. हिंसेच्या प्रमाणात भेद करणे हा जैन विचाराचा आत्माच आहे. म्हणूनच उदयोन्मुख तंत्रांकडे केवळ स्वस्ताईच्या स्पर्धेतले उमेदवार म्हणून पाहणे अपुरे ठरते. लोह-फॉस्फेटचे घट कोबाल्टशिवाय चालतात, सोडियमचे घट लिथियमशिवायही. लोह-हवा घटाला लोखंड, पाणी आणि हवा एवढेच मुख्य साहित्य पुरते. बाजाराच्या दृष्टीने ॲक्वियनचे खाऱ्या पाण्याचे घट हे अपयश होते, पण कर्मादानाच्या दृष्टीने ती लहान हिंसेकडे जाण्याची धडपड होती, आणि तिच्यात बुडालेला पैसा नुसता नफ्यासाठी बुडालेल्या पैशाच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही, आणि तो अताकामाच्या मानाने फारच जवळ घडला आहे. टिळकांचे गीतारहस्य १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, हा निव्वळ योगायोग आहे. पण गीतारहस्यात कर्मयोगाचे प्रयोजन म्हणून ज्या कल्पनेवर टिळकांनी भर दिला ती लोकसंग्रहाची आहे, आणि तीतला ‘संग्रह’ म्हणजे ढीग नव्हे. शंकराचार्यांनी लोकसंग्रहाचा अर्थ लोकांना आडमार्गापासून परावृत्त करणे असा केला होता. टिळकांनी त्यात लोकांना एकत्र बांधून त्यांचे धारण आणि पोषण करणे हा भाव ठळक केला. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज देणे हे काम या अर्थाने लोकसंग्रह होते की नाही, हा प्रश्न सहाच वर्षांत मुळशी पेट्यात उभा राहिला. कंपनीच्या धरणासाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या, पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होते, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. तो १९२४ पर्यंत चालून मावळला. धरण पुरे झाले आणि १९२७ मध्ये त्याच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे वीजकेंद्र चालू झाले.

याच १९२१ साली अमेरिकेत फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला : जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता, उद्योजकाचा नफा हा दुसरी पत्करल्याबद्दलचा मोबदला होय. मुळशीकडे या सिद्धांतातून पाहिले तर त्यातली पोकळी लगेच दिसते. धरण बांधणाऱ्याने अनिश्चितता पत्करली हे खरे, आणि ते धैर्याचे काम होते हेही खरे. पण मावळातल्या कुळाला अनिश्चितता नव्हतीच, त्याला नुकसानीची खात्री होती, आणि खात्रीने बुडणाऱ्याचा मोबदला अनिश्चिततेच्या सिद्धांतात कोठेच येत नाही. त्यातही पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या असल्याने भरपाईची रक्कम कसणाऱ्याच्या हाती पडेल याची शाश्वती नव्हती. जमीन आणि तिची किंमत या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सत्याग्रहाचे मुख्य म्हणणे नंतरच्या शंभर वर्षांत अनेक धरणांवर पुन्हा पुन्हा मांडले गेले आहे.

घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प, ज्याचे वरचे धरण अकोले तालुक्यात आणि खालचे सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर तालुक्यात आहे, २००८ मध्ये सरकारने जपानी कर्जाच्या साहाय्याने पुरा केला. तेथली अनिश्चितता करदात्यांनी वाटून घेतली आणि लाभही निदान कागदोपत्री त्यांचाच आहे. पुढचा टप्पा मात्र बहुतांशी खासगी भांडवलाचा दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने भिवपुरी आणि शिरवता येथे मिळून २,८०० मेगावॉटच्या दोन उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी सुमारे १३,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला, आणि त्यानंतर घाटमाथ्यावरच्या इतर ठिकाणांसाठीही अनेक कंपन्यांनी असे करार केले आहेत. उदंचन हे तंत्र म्हणून नवे नाही, पण सौरविजेचा साठा म्हणून त्याचा व्यापार नवा आहे आणि संध्याकाळच्या भावाविषयीचा अर्थसंशय त्यात भरपूर आहे. तो संशय भागधारकांनी खुशीने पत्करला आहे. घाटमाथ्यावरचे जंगल, झरे आणि वाड्या यांच्याविषयीचा अनर्थसंशय कोणाच्या नावावर लिहायचा, हे त्या करारांतून नव्हे तर पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत, म्हणजे बहुधा आराखडा ठरून गेल्यानंतर, बोलले जाते.

भिऱ्याला आज १५० मेगावॉटचा एक असा संच आहे की जो जनित्र म्हणूनही फिरतो आणि उलटा फिरून पंप म्हणूनही चालतो. मुळशीच्या तलावातून कोकणात उतरलेले पाणी तो मागणी कमी असताना पुन्हा घाटावर चढवतो, आणि ज्या शेतांवर हे पाणी १९२० च्या दशकात पहिल्यांदा चढले त्यांच्यावर ते अजूनही, कधी थोडे कमी तर कधी थोडे अधिक, उभे असते.